उपायाची गोष्ट कशी तपासावी? उपायकेंद्री पत्रकारितेतल्या कथनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपायकेंद्री स्टोऱ्या, म्हणजे एखाद्या प्रश्नावर कोणी काय उपाय केला आणि तो कितपत चालला हे सांगणाऱ्या बातम्या, तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आधी डेस्कवर आणि नंतर कार्यशाळांमध्ये. नवे बातमीदार, उपसंपादक आणि पत्रकारितेचे विद्यार्थी फिरून फिरून जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

विधायक पत्रकारिता आणि उपायकेंद्री पत्रकारिता एकच का?

एकाच घरातल्या आहेत, पण एकच नाहीत. विधायक पत्रकारितेचा आवाका मोठा. डेन्मार्कच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे माजी वृत्तप्रमुख उल्रिक हागेरूप यांनी २०१७ मध्ये ऑर्हुस विद्यापीठात कन्स्ट्रक्टिव्ह इन्स्टिट्यूट सुरू केली. उपायांकडे लक्ष द्या, बातमीतल्या छटा दाखवा आणि लोकांमध्ये संवाद घडवा, हा तिचा आग्रह. उपायकेंद्री पत्रकारिता त्या मानाने काटेकोर. अमेरिकेत २०१३ मध्ये डेव्हिड बॉर्नस्टीन, टीना रोझेनबर्ग आणि कोर्टनी मार्टिन यांनी सोल्यूशन्स जर्नलिझम नेटवर्कची स्थापना केली. त्यांच्या व्याख्येप्रमाणे स्टोरीत चार गोष्टी हव्यात: एखाद्या सामाजिक प्रश्नाला कोणीतरी दिलेला प्रतिसाद, त्यातून इतरांना मिळणारा बोध, परिणामाचा पुरावा आणि मर्यादा.

दोन्हींच्या मुळाशी एकच अस्वस्थता आहे. नकारात्मक घटना बातमी म्हणून सहज निवडली जाते, हे योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत, बातम्या अधूनमधून किंवा नेहमी टाळतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण २०१७ मध्ये २९ टक्के होतं, २०२४ मध्ये ते ३९ टक्क्यांवर गेलं. वाचक पाठ फिरवतात ती केवळ बातमी वाईट असते म्हणून नाही. वाचून आपण काय करायचं, हे उमगत नाही, हेही एक कारण आहे.

यशोगाथा आणि उपायकेंद्री स्टोरी यांत फरक काय?

यशोगाथा माणसाभोवती फिरते, उपायकेंद्री स्टोरी पद्धतीभोवती. यशोगाथेत जिद्द, चिकाटी, मेहनत हे शब्द भरपूर येतात, पण त्यांतून कृती दिसत नाही. ‘त्यांनी अथक प्रयत्न केले’ हे वाक्य आलं की मी समासात ‘म्हणजे काय केलं?’ असं लिहिते. निम्म्या वेळा बातमीदाराकडे त्याचं उत्तर नसतं. त्याने विचारलेलंच नसतं.

एक साधी कसोटी आहे. स्टोरी वाचून दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या माणसाला तोच उपाय करून पाहावासा वाटला, तर पहिल्या आठवड्यात काय करायचं हे त्याला कळेल का? किती माणसं लागतील, पैसा कुठून येईल, आधी कोणाला पटवावं लागेल? यातलं काहीच हाती लागत नसेल, तर ती यशोगाथाच आहे. यशोगाथा लिहू नये असं माझं म्हणणं नाही. तिला उपायकेंद्री म्हणू नये, एवढंच. सोल्यूशन्स जर्नलिझम नेटवर्कनेही अशा तोतया प्रकारांची यादी केली आहे. नायकपूजा, रामबाण उपाय, ओळखीच्या संस्थेची भलामण, शेवटच्या परिच्छेदात उरकलेला उपाय हे त्यातले काही.

तथ्यं तपासून झाली, पुरावा आहे. मग कथन वेगळं तपासायचं कशाला?

कथन म्हणजे गोष्ट सांगण्याची रचना. ती वेगळी तपासायची, कारण एकेक तथ्य खरं असूनही गोष्ट खोटी ठरू शकते. याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण प्लेपंपचं आहे.

दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या खेळायच्या गोल चक्राला पाण्याचा पंप जोडण्यात आला. मुलं चक्र फिरवणार, जमिनीखालचं पाणी उंच टाकीत चढणार, टाकीच्या बाजूंवर जाहिराती लागणार आणि त्या पैशातून देखभाल होणार, अशी कल्पना. २००० मध्ये तिला जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवरच्या ‘फ्रंटलाइन वर्ल्ड’ने तिच्यावर वृत्तांत दाखवला. २००६ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या प्रथम महिला लॉरा बुश यांनी १.६४ कोटी डॉलरच्या मदतीची घोषणा केली. २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचं ठरलं.

या गोष्टीची ताकद पाहा. ‘मुलं खेळतात आणि पाणी येतं.’ पाच शब्दांत प्रश्नही आला, उपायही आला आणि चित्रही डोळ्यांपुढे उभं राहिलं. मुलं खरोखर खेळत होती, पाणी खरोखर येत होतं. पण या गोष्टीत एक दुवा कोणी तपासलाच नाही: मुलं किती वेळ खेळतात आणि गावाला किती पाणी लागतं? एका पंपाने २,५०० लोकांची गरज भागवायची, तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, असा हिशेब २००९ मध्ये ‘द गार्डियन’मध्ये छापून आला. एका पंपाची किंमत सुमारे १४,००० डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या जवळपास चौपट. मुलं नसताना बायकांना ते चक्र हाताने ओढावं लागत होतं. ते बायकांच्या उंचीसाठी बनवलेलंच नव्हतं.

चूक आकड्यांमध्ये नव्हती, कारण आकडे विचारलेच गेले नव्हते. गोष्ट इतकी सुबक होती की विचारायला फटच राहिली नाही. म्हणून कथन वेगळं तपासायचं. सुबक गोष्ट हाती आली की मी आता जास्त सावध होते.

मग कथनात नेमकं काय पाहायचं?

मी एकच मुख्य प्रश्न धरून चालते: गोष्टीला जिथे वळण येतं, तिथेच पुराव्यालाही वळण येतं का?

प्रत्येक स्टोरीत वाचक पुढे सरसावून बसतो अशी एखादी जागा असते. ती जागा नायकाच्या वैयक्तिक दुःखात असेल आणि उपाय कसा चालतो हे दोन रुक्ष परिच्छेदांत संपलं असेल, तर कथन आणि पत्रकारिता दोन वेगळ्या वाटांनी चालली आहेत. उलट, पहिला प्रयोग फसला, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की गडबड वेळेत आहे, वेळ बदलल्यावर लोक येऊ लागले, असा कळस असेल, तर वाचकाला गोष्टही मिळते आणि समजही. बाकीचे सगळे मुद्दे, म्हणजे पात्र, ताण, सुरुवात, शेवट, आकडे, याच प्रश्नाच्या उजेडात तपासायचे.

स्टोरीचा नायक कोण असावा?

शक्यतो कृती. माणूस त्या कृतीपर्यंत नेणारा वाटाड्या.

हे ऐकायला कोरडं वाटतं, म्हणून व्हिएतनामचं उदाहरण देते. १९९० च्या अखेरीस जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेतर्फे तिथे गेलं. मुलांचं कुपोषण कमी करून दाखवायला सरकारने त्यांना सहा महिने दिले. त्यांनी बाहेरून उपाय आणला नाही. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं: तुमच्यातल्या अगदी गरीब घरांत एखादं मूल धडधाकट आहे का? होती अशी मुलं. मग त्या घरांत काय वेगळं घडतं, हे गावातल्या लोकांनीच जाऊन पाहिलं. त्या आया भातखाचरांतले छोटे झिंगे, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या. हे अन्न फुकट मिळणारं होतं, पण मुलांना ते चालत नाही अशी समजूत होती. शिवाय या आया दिवसातून दोनदा भरवण्याऐवजी थोडं थोडं करून जास्त वेळा भरवत होत्या.

आता खरी मेख. ही माहिती भाषणातून सांगितली गेली नाही. कुपोषित मुलांच्या आयांनी रोज एकत्र येऊन स्वयंपाक करायचा, आणि येताना मूठभर झिंगे आणि पाला स्वतः गोळा करून आणायचा. तीच प्रवेश फी. त्यामुळे माहितीची सवय झाली.

यात स्टर्निन दांपत्य आहे, पण नायक आहे ती ‘मूठभर झिंगे घेऊन या’ ही अट. बातमीदाराने स्टर्निन यांचं बालपण, त्यांची तळमळ यांवर पाचशे शब्द खर्च केले असते, तर ही अट एका ओळीत गेली असती. स्टोरी हातात आली की मी मुख्य माणसाचं नाव काढून टाकून ती पुन्हा वाचते. नावाशिवायही गोष्ट उभी राहत असेल तर नायक बरोबर निवडला आहे.

याबाबतीत माझ्याही हातून चूक झाली आहे. एका शाळेतल्या वाचन उपक्रमाची स्टोरी मी मोठ्या प्रेमाने संपादित केली होती. सगळी स्टोरी एका बाईंच्या उत्साहाभोवती विणलेली. पुढच्या वर्षी त्या बाईंची बदली झाली आणि उपक्रम बंद पडला. तो एकाच व्यक्तीवर उभा होता, हीच त्याची सर्वांत मोठी मर्यादा होती. आम्ही मात्र त्याच गोष्टीचं कौतुक छापलं होतं. तेव्हापासून ‘ही व्यक्ती उद्या नसेल तर?’ हा प्रश्न मी कधीच सोडत नाही.

म्हणजे एका माणसाची गोष्ट सांगायचीच नाही?

जरूर सांगा. माणसाशिवाय वाचक आत येत नाही, याला पुरावा आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या संशोधकांचा २००७ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना पाच डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितलं. एका मुलीचं नाव आणि माहिती वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. लाखोंच्या भुकेची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४ दिले. आणि मुलगी व आकडेवारी दोन्ही एकत्र वाचलेल्यांनी? १.४३. चेहऱ्याशेजारी आकडा आला आणि भावना ओसरली.

पण आपल्याला दान गोळा करायचं नाही, समज द्यायची आहे. इथे राज्यशास्त्राचे अभ्यासक शांतो अय्यंगार यांचं १९९१ मधलं काम आठवावं. दूरचित्रवाणीवर गरिबीची बातमी एका माणसाच्या कहाणीच्या रूपात दाखवली, की प्रेक्षक जबाबदारी त्या माणसावर टाकू लागतात. तीच बातमी व्यापक संदर्भात दाखवली, की धोरणं आणि समाज यांकडे पाहू लागतात. म्हणजे चेहरा दारातून आत आणतो, पण आत आल्यावर दृष्टी अरुंदही करतो.

म्हणून तपासताना मी पाहते, की माणसावरून व्यवस्थेकडे जाणारी पायरी स्टोरीत कुठे आहे. ‘तिच्यासारख्या इतर चाळीस जणींपैकी किती जणींना हे जमलं?’ असं एखादं वाक्य स्टोरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात यायला हवं. ज्यांना जमलं नाही त्यांच्यातलं एखादं माणूसही स्टोरीत भेटायला हवं. ते फार क्वचित भेटतं.

गुन्हा नाही, घोटाळा नाही. मग उपायाच्या गोष्टीत ताण आणायचा कुठून?

‘कोणी केलं’ ऐवजी ‘कसं जमलं’ हे रहस्य ठेवायचं. लोवेनस्टीन यांनीच १९९४ मध्ये मांडलेला विचार उपयोगी आहे: आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यायचं आहे, त्यांच्यातली फट दिसली की कुतूहल जागं होतं. इतरांना जे साधलं नाही ते यांना कसं साधलं, ही फट सुरुवातीलाच दाखवून हळूहळू बुजवत न्यायची. त्यासाठी अडथळे खरे हवेत, आणि कामाच्या आतले हवेत. परवानगी अडकली, लोकांचा विश्वास बसेना, पहिल्या तीन महिन्यांत कोणीच फिरकलं नाही, हिशेब जुळेना. ‘सगळ्यांनी वेड्यात काढलं’ हा अडथळा फार झाला, त्यातून शिकण्यासारखं काही नसतं.

तुलनेतूनही ताण येतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जुन्या घरांच्या रंगातल्या शिशामुळे मुलांना विषबाधा होत होती. तिथल्या ‘द प्लेन डीलर’ या वृत्तपत्राने २०१५ मध्ये मालिका केली, आणि आपल्या शहराचं अपयश मांडून न थांबता न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरकडे बोट दाखवलं. तसंच जुनं, तसंच गरीब शहर. पण तिथे २००५ च्या कायद्याने भाड्याच्या घरांची तपासणी आधीच होत होती, मूल आजारी पडायची वाट पाहिली जात नव्हती. आता वाचकाच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहतो: त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही? शासकीय सबबींमधली हवाच निघून जाते. क्लीव्हलँडने २०१९ मध्ये जुन्या भाड्याच्या घरांसाठी शिसे-सुरक्षा प्रमाणपत्राचा कायदा केला. त्याचं सगळं श्रेय मालिकेला देणं बरोबर नाही, अनेक नागरिक आणि संस्था त्यासाठी झटल्या. पण दोन शहरं शेजारी ठेवण्याची ही रचना मला आजही शिकवायला सर्वांत आवडते.

इंट्रो तपासताना काय पाहावं?

बहुतेक इंट्रो, म्हणजे स्टोरीचे सुरुवातीचे परिच्छेद, पहाटेच्या दृश्याने सुरू होतात. कोणीतरी उठतं, पाणी भरतं, डोळ्यांत स्वप्नं असतात. दृश्याला हरकत नाही, पण त्या दृश्यात उपायाचा एखादा भाग घडताना दिसला पाहिजे. आरोग्यसेविका वही उघडून कोणत्या घरी आधी जायचं हे ठरवते आहे, आणि तो क्रम कसा ठरला यातच साऱ्या उपक्रमाचं मर्म आहे, अशी सुरुवात उत्तम. दृश्य कापून टाकलं आणि स्टोरीचं काहीच बिघडलं नाही, तर ते शोभेचं होतं.

दुसरं, प्रश्न किती मोठा आहे हे सांगण्यात अर्धी स्टोरी जाऊ नये. समस्येची माहिती वाचकाला उपायाचं मोल कळण्यापुरती. बातमीदार सवयीने तिथे रमतात, कारण समस्येचे आकडे सहज मिळतात.

आकडे गोष्टीत कुठे बसवायचे?

जिथे वाचकाच्या मनात तो प्रश्न उठतो तिथे. आकड्यांची वेगळी चौकट करून बाजूला ठेवली की लेखन वाचनीय होतं खरं, पण पुरावा गोष्टीबाहेर पडतो आणि बरेच जण चौकट वाचत नाहीत.

प्रत्येक आकड्याला छेद हवा, म्हणजे ‘किती जणांपैकी’ हे हवं. ‘तीनशे मुलं पुन्हा शाळेत’ या वाक्याला अर्थ येतो तो किती मुलांपैकी तीनशे, हे कळल्यावर. आधी किती मुलं परत येत होती, आणि उपक्रम नसलेल्या शेजारच्या भागात याच काळात काय झालं, हेही हवं. सगळीकडेच मुलं परतली असतील तर कारण दुसरंच असेल. आणि आकडा कोणी दिला? उपक्रम चालवणाऱ्या संस्थेनेच दिला असेल, तर तसं त्याच वाक्यात लिहायचं. पुरावा कच्चा असला तरी स्टोरी होते. कच्चा आहे हे वाचकाला समजलं पाहिजे.

मर्यादा कुठे लिहाव्यात?

इथे मी हट्टी आहे. नव्वद टक्के स्तुती झाल्यावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘अर्थात काही आव्हानं आहेत’ असं लिहून मर्यादा उरकणं ही या लेखनातली सर्वांत रुळलेली आणि सर्वांत वाईट सवय आहे. वाचकाला वाटतं औपचारिकता पार पडली. लिहिणाऱ्यालाही तसंच वाटत असतं.

मर्यादा हे कथानकाचं इंधन आहे. ती गोष्टीच्या मध्यात आली, की उपाय राबवणारे लोक तिच्याशी कसे झगडतात हे दाखवता येतं, आणि गोष्ट खरी वाटू लागते. प्लेपंपच्या बाबतीत ‘मुलं नसताना चक्र कोण फिरवतं?’ हा प्रश्न दुसऱ्याच परिच्छेदात आला असता, तर बातमीदाराला शाळा सुटल्यानंतर, दुपारच्या उन्हात तिथे उभं राहावं लागलं असतं. मर्यादा शोधण्याची हीच रीत आहे. उपाय दाखवण्यासाठी ठरवलेली वेळ सोडून दुसऱ्या वेळी जायचं.

मर्यादा नेमकीही हवी. ‘निधीची कमतरता’ ही जगातल्या प्रत्येक उपक्रमाची मर्यादा आहे. त्याऐवजी, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यापर्यंत हा उपाय पोचत नाही, किंवा दोन तासांपेक्षा लांब राहणारे लोक दुसऱ्या महिन्यात गळतात, असं काही सांगा.

शेवट आशादायक असावा का?

शेवट प्रामाणिक असावा. पत्रकारितेच्या संशोधक कॅरेन मॅकइन्टायर यांनी केलेल्या प्रयोगात, परिणामकारक उपाय असलेली बातमी वाचणाऱ्यांना वाचल्यावर कमी उदास वाटलं, पण त्यामुळे ते प्रत्यक्ष काही करायला अधिक तयार झाले असं दिसलं नाही. म्हणजे बरं वाटणं आणि हातपाय हलवणं यांत अंतर आहे. सूर्योदयाने किंवा मुलांच्या हसण्याने केलेला शेवट पहिलं काम करतो, दुसरं नाही.

मला आवडतात ते शेवट अजून न सुटलेल्या कामावर थांबतात. पुढच्या महिन्यात कोणता निर्णय व्हायचा आहे, तो कोणाच्या हातात आहे, दुसऱ्या ठिकाणी हाच प्रयोग सुरू झालाय तिथे काय होतंय. वाचकाला पुढचं पाहण्यासारखं काहीतरी हाती मिळतं.

कोणाचा आवाज किती असावा?

पेन्सिल घेऊन कोट, म्हणजे लोकांच्या तोंडची अवतरणं, मोजा. संस्थापकाचे सहा, तज्ज्ञाचे दोन, लाभार्थीचा एक, आणि तोही ‘माझं आयुष्यच बदललं’ असा, हे प्रमाण मी शेकडो वेळा पाहिलं आहे. ज्यांच्यासाठी उपाय आहे, ती माणसं फक्त कृतज्ञता व्यक्त करायला येत असतील तर कथन एकतर्फी आहे. त्यांनाही मतं असतात, सूचना असतात, रागही असतो. ‘तुम्ही हे चालवत असता तर काय बदललं असतं?’ हा प्रश्न त्यांना विचारून पाहा. मिळणारं उत्तर अनेकदा सगळ्या स्टोरीतलं सर्वांत शहाणं वाक्य असतं. उपक्रम सोडून गेलेल्यांना गाठायला वेळ लागतो, पण तो वेळ काढायलाच हवा.

मथळा आणि फोटोही तपासायचे का?

हो, आणि ते शेवटी घाईत नको. संयत लिहिलेल्या मजकुरावर ‘गावाने केली कमाल’ असा मथळा पडला की महिनाभराची मेहनत वाया. मथळ्यात क्रियापद कृतीचं असू द्या. फोटोत माणूस काम करताना दिसावा. कॅमेऱ्याकडे पाहून हसणारा माणूस फक्त निकाल सांगतो.

यात बातमीदार उपायाचा प्रचारक होत नाही का?

होऊ शकतो, आणि तो धोका खरा आहे. प्रचारक आणि बातमीदार यांतली रेघ शब्दांत दिसते. ‘सर्वत्र राबवला पाहिजे’, ‘सरकारने दखल घ्यावी’ अशी वाक्यं लेखकाच्या तोंडी आली की रेघ ओलांडली. त्याच प्रश्नावरचा दुसरा एखादा उपाय स्टोरीत आहे का, हेही पाहा. एकच वाट दाखवली, की ती एकमेव असल्याचा भास होतो. उपायाचा वृत्तांत देताना घोटाळ्याच्या वृत्तांताइतकीच चिकित्सा लागते. माझ्या मते थोडी जास्तच, कारण इथे समोरचा माणूस चांगला असतो आणि त्याला टोकणं जिवावर येतं.

उपाय फसला असेल तर?

तरी स्टोरी होते, आणि अनेकदा ती अधिक मोलाची ठरते. का फसला हे नीट उलगडलं, तर दुसऱ्यांची वर्षं आणि पैसा वाचतो. फक्त ‘पाहा, फसलं’ असा सूर नको. कुठल्या टप्प्यापर्यंत ठीक चाललं होतं आणि कुठे घसरलं, हे सापडलं पाहिजे.

चारशे शब्दांच्या बातमीला हे सगळं कसं जमणार?

सगळं जमणार नाही. एक कृती, छेदासकट एक आकडा आणि एक नेमकी मर्यादा, एवढं बसतं. पहाटेचं दृश्य गाळा.

गुण देण्याची एखादी ठरलेली पद्धत आहे का?

कार्यशाळेत तक्ता मागितला जातोच. मी देतेही, पण मनापासून नाही, कारण प्रत्येक रकान्यात सात गुण मिळवणारी स्टोरी निर्जीव असू शकते. त्यापेक्षा तीन वेळा वाचण्याची सवय लावा. पहिल्यांदा हातात काही न घेता वाचा आणि कुठे रमलात, कुठे कंटाळलात ते नंतर आठवा. दुसऱ्यांदा ‘कसं’ या प्रश्नाला उत्तर देणारी वाक्यं अधोरेखित करा. मग पहिल्या वाचनात रमलेल्या जागा आणि या रेघा एकमेकांवर ठेवून पाहा. त्या जुळत असतील तर स्टोरी मुळातच चांगली आहे. रमलेल्या जागा एकीकडे आणि रेघा दुसरीकडे असतील, तर भाषा सुधारून भागणार नाही, रचना बदलावी लागेल. तिसऱ्यांदा उपायाला विरोध करणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचा. त्याला जे विचारावंसं वाटेल ते स्टोरीत आधीच विचारलेलं आहे का?

हे काम दोघांनी मिळून करावं. लिहिणाऱ्याला स्वतःच्या गोष्टीतली फट दिसत नाही.

स्टोरी प्रसिद्ध झाली की मूल्यमापन संपलं का?

‘फ्रंटलाइन वर्ल्ड’साठी प्लेपंपचा वृत्तांत करणाऱ्या अॅमी कॉस्टेलो काही वर्षांनी स्वतः परत गेल्या. मोझांबिकमध्ये त्यांना बंद पडलेले पंप आणि चक्र ओढणाऱ्या बायका दिसल्या. तोही वृत्तांत २०१० मध्ये प्रसारित झाला. आपलीच गाजलेली गोष्ट पुन्हा उघडून पाहायला जे धैर्य लागतं, त्याबद्दल मला फार आदर आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक उपायकेंद्री स्टोरी पास करताना बातमीदाराकडून दोन गोष्टी लिहून घेते: परत जाण्याची तारीख, आणि तेव्हा पहिल्यांदा कोणाला भेटायचं. दुसऱ्या रकान्यात संस्थापकाचं नाव आलं, तर मी कागद परत करते.